एका हाराची संख्या

कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या आमच्या पेढ्यांवर वजन, भाव, अडत, हमाली अशा आकड्यांची अहोरात्र वर्दळ असते. आकड्याकडे नुसता आकडा म्हणून पाहण्यास सवड कोणास? म्हणून यंदा सभासद बंधुभगिनींपुढे आम्ही एकच संख्या ठेवीत आहोत: १२,३४,५६,५४,३२१. बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस. डावीकडून वाचा की उजवीकडून, अंकांचा क्रम तोच.

ही संख्या दिगंबर जैन गणिती महावीराचार्य यांच्या 'गणितसारसंग्रहा'त आहे. इ. स. ८५० च्या सुमाराच्या या ग्रंथाच्या आरंभी राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाची स्तुती आहे. त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड. १९५६ पर्यंत तेही आपल्या आदिलाबादप्रमाणे हैदराबाद राज्यातच होते. रंगाचार्यांनी १९१२ मध्ये मद्रासेस हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह छापला. हिंदी अनुवाद १९६३ मध्ये सोलापुरास निघाला.

आचार्य २,७९,९४,६८१ ला ४४१ ने गुणावयास लावतात. उत्तर एकापासून सहापर्यंत चढते व तसेच उतरते. अशा काही गुणाकारांना त्यांनी राजाच्या कंठातील हाराची उपमा दिली आहे. (दुकानातील साध्या आठ अंकी गणकयंत्रावर हा हार मावत नाही, कागदच घ्यावा लागतो.)

यातील मर्म असे. ४४१ हा २१ चा वर्ग, आणि २,७९,९४,६८१ हा ५,२९१ चा. २१ गुणिले ५,२९१ म्हणजे १,११,१११. तेव्हा आपली संख्या सहा एककांचा वर्ग ठरली. आता १,११,१११ ला १,११,१११ ने शाळेतल्या रीतीने गुणा. एकसारख्या सहा ओळी येतील, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एक, दुसऱ्यात दोन, सहाव्यात सहा. पुढे पुन्हा पाच, चार असे उतरत जाते. कोठेही बेरीज दहावर जात नाही, म्हणून हातचा नाही, आणि म्हणूनच आकृती अभंग राहते. नऊ एककांपर्यंत हे चालते. दहा एककांचा वर्ग १,२३४,५६७,९००,९८७,६५४,३२१ असा येतो: मधल्या घरात दहा झाले, हातचा गेला, चढत्या बाजूचा आठ नाहीसा झाला.

या संख्येस ३, ७, ११, १३ व ३७ यांनी प्रत्येकी दोनदा निःशेष भाग जातो. त्यांपैकी अकराचा उपयोग वह्यांत फार.

एका दिवाळीस आमच्या खतावणीत ५४ चे ४५ लिहिले गेले आणि नऊ रुपयांच्या फरकापायी दोन रात्री गेल्या. शेजारचे अंक उलटले की फरक नेहमी नऊने सुटतो. त्यामुळे अंकांची बेरीज करून घेतलेला नवाचा ताळा ही चूक दाखवीतच नाही. आपल्या संख्येत मधले ६ व ५ उलटून १२,३४,५५,६४,३२१ लिहा. फरक ९०,००० चा, पण अंकांची बेरीज पूर्वीप्रमाणे ३६ च. आता एकाआड एक अंक मिळवा. मूळ संख्येत दोन्ही बेरजा १८, म्हणजे अकराने भाग जातो. चुकीच्या संख्येत त्या १९ व १७ होतात, आणि चूक तत्काळ उघडी पडते.