खानदेशचा कोयता आणि सोबतीचा निसणा

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत, रावेर आणि यावल या तालुक्यांतून केळीच्या बागांचा जो हिरवा पट्टा उतरत गेला आहे, त्यात बारा महिने हाती असणारे हत्यार म्हणजे कोयता. पील कापणे, वाळकी पाने उतरवणे, घड तोडणे आणि अखेरीस खोड आडवे करणे ही सारी कामे त्या एका पात्यावर चालतात. आणि केळीचा चीक असा चिवट की तो वाळला म्हणजे लोखंड काळे पडते व त्याचा लेप बसून चांगली धारही बोथट भासू लागते. म्हणून जाणता मजूर दगडाला हात घालण्यापूर्वी पाते ओल्या चिंधीने पुसून घेतो, कारण चिकट पाते दगडावर फिरवले असता धार लागण्याऐवजी दगडाचीच छिद्रे भरून जातात.

धार लावण्याचा हा दगड, म्हणजे निसणा, या मुलखाच्या भूमीने दिलेला नाही, हे प्रथमदर्शनी नवलाचे वाटेल. धुळ्याच्या परिसरात काळ्या पाषाणाच्या नैसर्गिक भिंती, ज्यांना भूशास्त्रज्ञ डाईक म्हणतात, दूरवर धावताना दिसतात. लळिंगचा किल्लाही काळ्या कातळावरच उभा आहे. परंतु हा बेसाल्ट मुख्यतः ज्या खनिजांचा घडला आहे त्यांचे काठिण्य मोहसच्या दहा अंशी मापाने पाच-सहाच्या आसपास भरते, आणि पाणी दिलेल्या पोलादाचे काठिण्यही त्याच्या जवळपास किंवा थोडे अधिकच असल्यामुळे, दगडाने पोलादास झपाट्याने कापावे असा फरक दोहोंत उरत नाही. नदीकाठच्या गोट्यावर कोयता घासणारा मनुष्य पात्याचा गंज काढतो, वळलेली कड थोडी सरळ करतो. नवी धार त्यास क्वचितच लाभते. याच कातळाच्या पोकळ्यांत सापडणारे अकीक आणि गारगोटीच्या जातीचे दगड सात अंशांचे असतात, व चाळीसगावजवळील पाटणे येथील उत्खननात मिळालेली पुराश्मयुगीन पाती अशाच दगडांची आहेत; पण निसण्याच्या अंगी एकसारखे, मोकळे आणि तीक्ष्ण कण लागतात, ते या गुळगुळीत दगडांत मिळत नाहीत.

ती उणीव पूर्वी कुरुंदाने भरून काढली. नऊ अंश काठिण्याचे हे खनिज कुटून, त्याची पूड लाखेत कालवून शिकलगार आपली चाके तयार करीत. पुढे 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन यांना विजेच्या भट्टीत माती व कोक तापवीत असता सिलिकॉन कार्बाइडचे स्फटिक मिळाले. त्यांना कार्बोरंडम हे नाव पडले, आणि कुरुंदाहूनही कठीण असा हा कृत्रिम पदार्थ जगभरच्या कारखान्यांत रूढ झाला. आपल्या देशात 1954 साली मद्रास येथे कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली. आज जळगाव किंवा धुळ्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानी जो करडा, एका अंगास भरड व दुसऱ्या अंगास बारीक असा दगड मिळतो, तो बहुधा याच जातीचा असतो, आणि आपल्या कोयत्यासाठी तो सर्वथा योग्य आहे.

मात्र दुकानदार सहसा पुढे करतो तो सहा इंच लांब, दोन इंच रुंद आणि एक इंच जाड दगड घरी ओट्यावर ठेवण्याचा आहे. त्याचे वजन चारशे ग्रॅमच्या वर जाते, आणि त्याची रचना पाते दगडावर फिरवण्यासाठी केलेली असते. शेतात रीत नेमकी उलटी: कोयता खोडावर टेकवून स्थिर धरावयाचा आणि दगड त्यावरून चालवावयाचा. विळ्याची धार तर आतल्या वाकास असते, तेथे रुंद सपाट दगड पोहोचतच नाही. म्हणून होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांस निमुळता दगड निवडावा, आणि तो इतका लांब असावा की मुठीत धरल्यावरही पुढे चार इंच मोकळे राहतील. आखूड दगडाने धार लावताना बोटे पात्यावर जातात, आणि अशी जखम खोल असते.

कणांच्या बाबतीत लोकांचा कल बारीक दगडाकडे असतो. तो मला मान्य नाही. दगडावरील क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक. कोयता आणि कुऱ्हाड यांस दीडशे ते अडीचशेचा कण पुरतो, चाकूस चारशे ते सहाशेचा. हजाराच्या वरचा दगड स्वयंपाकघरात शोभतो. रानात फांद्या तोडणाऱ्या पात्याची आरशासारखी धार पहिल्या गाठीवरच बसते. मालमोटारीच्या कमानपाट्यापासून घडवलेल्या कोयत्यास पात्याच्या प्रत्येक अंगाने पंचवीस ते तीस अंशांचा कोन द्यावा, खिशातल्या चाकूस वीसचा. एका अंगाने दगड फिरवीत असता दुसऱ्या अंगास पोलादाची केसाएवढी किनार वळते. अंगठ्याचे बोट धारेच्या लांबीने न फिरवता कण्याकडून धारेबाहेर हलके सरकवले असता ती खरखरीत लागते. ती टोकापासून मुळापर्यंत जाणवली म्हणजेच बाजू पालटावी, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने दोन्हीकडून ती उतरवावी. ही किनार येण्याआधीच बाजू बदलणे, हेच धार न लागण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे.

तेल की पाणी, या प्रश्नाचा निकाल येथील हवामानच लावते. वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो, काळ्या मातीची धूळ सर्वत्र उडते, आणि तेलकट दगड ती धूळ ओढून घेऊन गच्च भरतो. शिवाय एकदा तेल मुरलेल्या दगडावर पाणी नीट ठरत नाही. तेव्हा प्रारंभापासून पाण्याचीच सवय ठेवावी.

सातपुड्यात पायी हिंडणाऱ्यांची गरज निराळी आहे. त्यांच्याजवळचा चाकू बहुधा कठीण, न गंजणाऱ्या पोलादाचा असतो, आणि वाटेत पिण्याचे पाणीच मोजके असते. त्यांनी हिऱ्याच्या कणांची पातळ पट्टी घ्यावी: पोलादी पत्र्यावर निकेलच्या थराने कण बसवलेले असतात, ती कोरडीही चालते, फुटत नाही, आणि झिजून तिला खळगा पडत नाही. तिच्यावर जोर मात्र करू नये, नाहीतर कण उखडतात. येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्र या व्याख्येत चाकूचाही समावेश आहे, त्यामुळे यावल किंवा अनेर धरण अभयारण्यात जाणाऱ्याने आधी वनखात्याकडून परवानगीची तजवीज करावी.

विजेवर चालणाऱ्या चाकावर धार लावून घेण्याचा शिरस्ता अलीकडे वाढला आहे, तो टाळावा. कोरड्या चाकावर पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरते, आणि ते पुन्हा लोहाराच्या भट्टीतच चढवावे लागते.

बागाईतदाराने होडीच्या आकाराचा कार्बोरंडम घ्यावा, भटक्याने तीन-चार इंचांची हिऱ्याची पट्टी. खरेदीस जाताना आपले पाते कापडात गुंडाळून बरोबर न्यावे, दगड पात्याच्या वाकात बसतो की नाही हे दुकानातच पाहावे, आणि सपाट दगड असेल तर त्याचे दोन नग समोरासमोर टेकवून उजेडाकडे धरावेत. मधून उजेड दिसला तर दुसरा मागावा.