विश्लेषण : मोबाइलवरील पत्त्यांचा डाव खरोखरच ‘फिक्स’ असतो का?

हातात एकही सिक्वेन्स नाही, जोकर नाही आणि समोरचा भिडू तिसऱ्याच फेरीत ‘डिक्लेअर’ करून मोकळा होतो. मोबाइलवर रमी खेळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. असे चार-पाच डाव सलग झाले की ‘अ‍ॅपच पत्ते लावून देतंय’ अशी शंका येते. सॉलिटेअर खेळणाऱ्यांची तक्रार थोडी वेगळी आहे. डाव सुटतच नाही, मग तो मुद्दाम तसा दिला का, असे ते विचारतात. या तक्रारींत तथ्य किती आणि पत्त्यांच्या गेममध्ये गडबड नेमकी कुठे होऊ शकते, याविषयी…

मोबाइल पत्ते कसे पिसतो?

५२ पत्ते जितक्या वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतात, तो आकडा साधारण ८ वर ६७ शून्ये इतका मोठा आहे. चांगल्या शफलमध्ये यातील प्रत्येक क्रम येण्याची शक्यता सारखी असावी लागते. त्यासाठी रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे संगणकीय रूप वापरले जाते. ५२ पैकी कोणताही एक पत्ता निवडून शेवटी ठेवायचा, मग उरलेल्या ५१ पैकी एक निवडायचा, मग ५० पैकी. काम दहा-बारा ओळींच्या कोडचे आहे.

यात एक चूक सहज होते. प्रत्येक वेळी उरलेल्या पत्त्यांऐवजी पुन्हा सगळ्याच पत्त्यांतून निवड केली, तर शफल एका बाजूला झुकते. फक्त तीन पत्ते घेऊन पाहा. या चुकीच्या पद्धतीत २७ मार्ग तयार होतात. पण तीन पत्त्यांचे क्रम सहाच असतात. २७ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे तीन क्रम प्रत्येकी पाच वेळा येतात आणि उरलेले तीन चारच वेळा.

अशी चूक कधी उघड झाली आहे का?

होय. १९९९ मध्ये ‘रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज’ या अमेरिकी कंपनीतील तंत्रज्ञांनी एका ऑनलाइन पोकर गेमचे शफल फोडले होते. आपला खेळ प्रामाणिक आहे हे दाखवण्यासाठी गेम बनवणाऱ्यांनी शफलचा कोड स्वतःच जाहीर केला होता. त्यात वरची चूक होतीच; पण त्याहून गंभीर दोषही होता. शफलची सुरुवात मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून ठरत होती. दिवसात ८ कोटी ६४ लाख मिलिसेकंद असतात, म्हणजे शक्य शफलही तेवढेच. तंत्रज्ञांनी आपले घड्याळ सर्व्हरशी जुळवून घेतले आणि ही संख्या सुमारे दोन लाखांवर आली. मग हातातले दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते दिसताच बाकी सगळ्यांचे पत्ते कळू लागले.

यात अ‍ॅपने कोणाला मुद्दाम हरवले नव्हते. कच्च्या कोडमुळे हुशार खेळाडूला इतरांना लुटण्याची वाट मोकळी झाली होती.

शफल बरोबर असेल, तर सलग हार का?

कारण नशीब समान वाटले गेले तरी ते ओळीने वाटले जात नाही. सहा जणांच्या टेबलावर सगळे सारख्याच कुवतीचे असतील, तर एक डाव हरण्याची शक्यता सहात पाच. सलग दहा डाव हरण्याची शक्यता सुमारे १६ टक्के निघते. म्हणजे एक लाख लोक दहा-दहा डाव खेळले, तर कोणतीही लबाडी न होता जवळपास १६ हजार जण दहाही डाव हरतील. तक्रार करणार ते हेच.

दुसरे कारण आपल्या सवयीत आहे. ब्रिजच्या स्पर्धांत संगणकाने वाटलेले पत्ते आले, तेव्हा ‘हे हात फारच विचित्र असतात’ अशी ओरड झाली. खरे तर विचित्र होते ते हाताने पिसलेले पत्ते. ब्रिजमध्ये प्रत्येक हातात बहुधा एकाच रंगाचे चार पत्ते एकत्र गोळा होतात. ते नीट पिसले नाहीत आणि एकेक करून वाटले, की चौघांना प्रत्येकी एक जातो आणि वाटणी सपाट होते. गणितज्ञ डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवले, की गड्डीचे दोन भाग करून पत्ते एकमेकांत मिसळण्याची पद्धत वापरली, तर साधारण सात वेळा पिसावे लागते. घरी इतका धीर कोण धरतो?

सॉलिटेअरचे काही डाव अशक्यच असतात?

काही असतात. नेहमीच्या, तीन-तीन पत्ते उघडण्याच्या क्लोंडाइक प्रकारात सुमारे ८२ टक्के डाव सोडवता येण्याजोगे असतात. तेही सगळे झाकलेले पत्ते आधीच माहीत आहेत असे धरून. प्रत्यक्षात ते माहीत नसल्याने यश बरेच कमी मिळते. ‘फ्रीसेल’मध्ये सगळे पत्ते उघडे असतात. विंडोजवरील जुन्या फ्रीसेलच्या ३२ हजार डावांपैकी फक्त क्रमांक ११९८२ चा डाव सुटत नाही, असे आढळले आहे. त्यामुळे काही अ‍ॅप ‘सुटणारेच डाव’ असा पर्याय देतात. तो पर्याय बंद असेल, तर अडकलेला डाव ही लबाडी ठरत नाही.

मग संशय कुठे घ्यावा?

शफलपेक्षा समोरच्या खुर्चीवर. तिथे माणूस आहे की प्रोग्राम, हे खेळाडूला दिसत नाही. सर्व्हरला मात्र सगळ्यांचे पत्ते दिसतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने एका गेमिंग कंपनीविरुद्धच्या तपासात असाच आरोप केला होता. ग्राहकांना न सांगता त्यांना माणसांऐवजी अल्गोरिदमशी खेळवले जात होते, असे तपास यंत्रणेचे म्हणणे होते.

अनेक अ‍ॅप ‘शफल प्रमाणित आहे’ असे सांगतात. पण शफलचे प्रमाणपत्र यादृच्छिक आकडे नीट निघतात का, एवढेच सांगते. टेबलावर कोणाला कोणासमोर बसवले, बॉट आहेत का, चिप्स संपल्यावर खरेदीची खिडकी कधी उघडते, हे त्यात येत नाही.

कायदा काय म्हणतो?

रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, म्हणून तो प्रामुख्याने कौशल्याचा खेळ, असे सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात म्हटले होते. ऑनलाइन कंपन्या वर्षानुवर्षे या निकालाचा आधार घेत आल्या. पण पत्त्यांच्या वाटपावर आणि भिडूंवर विश्वास असेल, तरच कौशल्याला अर्थ उरतो. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी, ते चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी रोख रकमेचे डाव बंद केले. चिप्सवरचे मोफत गेम मात्र सुरू आहेत.

खेळाडूने काय तपासावे?

समोर बॉट असू शकतात, असे अ‍ॅपच्या नियमांत लिहिले आहे का, ते आधी पाहावे. शंका असेल, तर आठवणीवर विसंबू नये, नोंद ठेवावी. एका गड्डीतून १३ पत्ते मिळत असतील, तर एकही एक्का न येण्याची शक्यता सुमारे ३० टक्के असते. शंभर डावांत असे हात बहुतेक वेळा २० ते ४० च्या दरम्यान येतील. ५० आले, तर शंका रास्त आहे. दहा डावांवरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. काही गेम डावाआधी शफलचा सांकेतिक ठसा देतात आणि डावानंतर मूळ शफल उघड करतात. बंद पाकीट आधीच हातात देण्यासारखे हे आहे; मध्ये पत्ते बदलले, तर ठसा जुळत नाही.

रमीसाठी पैसे भरायला सांगणारी लिंक किंवा अ‍ॅप आले, तर शफलची चौकशी करण्याची गरजच नाही. पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. जितका उशीर होईल, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी होते.