पडद्यावरून गळलेले तुकोबा

ई. एम. फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीत नारायण गोडबोले नावाचे एक दख्खनी प्राध्यापक आहेत. शेवटच्या भागात माऊ या हिंदू संस्थानात गोकुळाष्टमी चाललेली असते आणि हे गोडबोले टाळ-पेटीच्या साथीत तुकोबांना आळवत असतात. इंग्रजीतल्या इतक्या गाजलेल्या कादंबरीत तुकोबा भेटले की मराठी वाचक थबकतोच. त्यामागे देवास संस्थान आहे. १९२१ साली फॉर्स्टर देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा खासगी सचिव होता. तिथली गोकुळाष्टमी त्याने डोळ्यांनी पाहिली आणि १९२४ च्या कादंबरीत आणली.

या कादंबरीवरचा डेव्हिड लीनचा चित्रपट १९८४ चा. त्यातले गोडबोले म्हणजे रंग फासलेले ॲलेक गिनेस. त्यांचं नृत्य चित्रित झालं, पण संकलनात गेलं. माऊ संस्थानही गेलं आणि त्यासोबत तुकोबाही. शेवट काश्मीरला हलला.

खटल्याचा भाग लीनने फार ताकदीने उभा केला आहे, हे मान्यच करायला हवं. मराबारच्या गुहेत डॉ. अझीझने हात टाकला, असा ॲडेला या इंग्रज तरुणीचा आरोप. भर कोर्टात ती तो मागे घेते आणि अझीझ सुटतो. व्हिक्टर बॅनर्जींचा अझीझ तर विसरता येत नाही. पण इथे अन्याय म्हणजे एक खोटा आरोप होऊन बसतो. तो फिटला की मनं जुळायला मोकळी! म्हणूनच पडद्यावर अझीझ आणि त्याचा इंग्रज मित्र फिल्डिंग यांचा समेट होतो.

कादंबरीतला अन्याय कोर्टात मिटणारा नाही. कलेक्टरच्या पत्नी टर्टनबाईंच्या मते नेटिव्हांनी इंग्रज बाई दिसताच गुहेपर्यंत रांगत जायला हवं. १९१९ साली अमृतसरच्या एका गल्लीत ब्रिटिशांनी लोकांना खरोखरच पोटावर सरपटायला लावलं होतं, हे त्या काळच्या वाचकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. अशा राज्यात निर्दोष सुटलेला माणूसही मोकळा नसतो. फिल्डिंगसारखा सज्जन इंग्रज झाला, तरी तो राज्यकर्त्यांच्याच बाजूचा.

म्हणून मला फॉर्स्टरचाच शेवट खरा वाटतो. अझीझ आणि फिल्डिंग शेजारी शेजारी घोडेस्वारी करत असतात, दोघांनाही मैत्री हवी असते. पण घोडी बाजूला वळतात आणि पुढे खडकांमधली वाट एकाच स्वारापुरती उरते.