गाडी आपल्या नावावर, तर चलनही आपल्याच नावावर

गटाच्या बैठकीत हप्ते मोजता मोजता आमच्यातल्या एकीचा मोबाईल वाजला. कागलजवळ महामार्गावर जादा वेगाने गाडी चालवल्याचं चलन आलं होतं. "अगंबाई, माझी स्कूटर तर त्या दिवशी दारातच उभी होती!" घरचे म्हणाले, भरून टाक, कोर्टाची पायरी कशाला चढायची? आम्ही म्हटलं, आधी फोटो तर बघू.

मेसेजमधली लिंक मात्र दाबायची नाही. खोटी चलनं पाठवून खाती रिकामी करणारे खूप झालेत. सरकारी संकेतस्थळाचं नाव 'गव्ह डॉट इन'ने संपतं. तिथे किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून चलन शोधायचं. आम्ही फोटो मोठा करून पाहिला, तर मोटारसायकल! नंबरातला ३ यंत्राने ८ वाचलेला. ॲपवरच तक्रार नोंदवली, सोबत आरसी बुक आणि स्कूटरचा पाटीसकट फोटो जोडला.

सगळ्याच चलनांत चूक इतकी उघड नसते. मग काय बघायचं? मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७अ हा नियम आला. त्यानुसार चलनावर पाटी दिसेल असा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण हवं. सूचना १५ दिवसांत पाठवायला हवी. कॅमेरा आहे हे सांगणारा फलक रस्त्यावर हवा आणि यंत्राच्या मंजुरीचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करायला हवं. फलक नव्हता असं म्हणायचं असेल तर लगेच जाऊन त्या जागेचे फोटो काढा. महिन्याने फलक लागला तर सांगणार काय? गाडी दुरुस्तीला होती तर गॅरेजची तारखेची पावती ठेवा. दूध संस्थेची पावती इथे फारशी उपयोगाची नाही. ती तुम्ही कुठे होता ते सांगते, गाडी कुठे होती ते नाही.

गाडी पोराने पळवली असेल तर? पोलिसांनी विचारल्यावर चालवणाऱ्याचं नाव सांगणं मालकावर बंधनकारक आहे. खोटं बोलू नका. खरंच वेग जास्त होता तर दंड भरलेला बरा, असं आमचं मत. आणि गाडी विकली असेल, तर आरसी बुकावरचं नाव बदललं का ते आजच बघा. नाव तुमचं असेल तोवर चलन तुम्हालाच येणार.

लोकअदालत आणि कोर्ट यांत पुष्कळ जणी गोंधळतात. लोकअदालतीत तडजोड होते, त्यावर अपील नसतं. 'गुन्हा केलाच नाही' म्हणायचं असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहून 'कबूल नाही' म्हणावं लागतं. मग पुरावा सरकारी बाजू देते. तारखा पडतात, रोजगार बुडतो, तोही हिशोब आधी मांडा.

वकिलाच्या फीची धास्ती मात्र नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात त्यांची समिती असते. १५१०० या नंबरावर फोन केला तरी चालतं. जाताना चलनाची प्रिंट, आरसी बुक, लायसन्स आणि विमा यांच्या झेरॉक्सच्या दोन-दोन प्रती न्या.

आमच्या सखीची तक्रार नोंदली गेलीय. तोवर दर सोमवारी ती ॲप उघडून बघते.