मेंदूभोवतीचा वाढलेला दाब : डोकेदुखी आणि क्षणभराची अंधारी

खाली वाकून उठताना डोळ्यांपुढे काही सेकंद काळोख येतो व लगेच स्वच्छ दिसू लागते. अशक्तपणा असेल, असे म्हणून आपण ते विसरतो. परंतु त्यासोबत सकाळी किंवा खोकताना वाढणारी डोकेदुखी, कानात नाडीच्या ठेक्यावर येणारा आवाज अथवा एका वस्तूच्या दोन वस्तू दिसणे, यांपैकी काही असेल तर विसरू नका.

मेंदूभोवती पाण्यासारखा द्रव असतो. शरीर तो दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार करते आणि तितकाच रक्तात परत शोषला जातो. काहींमध्ये गाठ, गुठळी वा जंतुसंसर्ग असे कोणतेही कारण न सापडता या द्रवाचा दाब वाढतो. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब हा नव्हे. मूल होण्याच्या वयातील, वजन वाढलेल्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. मुरुमांवरील डॉक्सिसायक्लीन, आयसोट्रेटिनॉइन यांसारख्या गोळ्यांनीही दाब वाढू शकतो. म्हणून घेत असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवा.

खरा धोका दृष्टीला आहे. दाबामुळे डोळ्यामागची नस सुजते. बहुधा कडेची नजर आधी जाते, समोरचे दिसत राहते, त्यामुळे रुग्णाला पत्ताच लागत नाही. आणि गेलेली नजर पुष्कळदा परत येत नाही. चष्म्याचा नंबर काढून ही सूज कळत नाही. थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासावा लागतो. म्हैसूरकरांनी त्यासाठी शासकीय कृष्णराजेंद्र रुग्णालयाच्या नेत्रविभागात जावे. सूज दिसल्यास एमआरआय करतात, नंतर कमरेतून सुईने द्रव काढून दाब मोजतात. या सुईने लकवा होतो ही भीती अनाठायी आहे. मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली ती टोचतात.

वजन उतरवणे हा मुख्य उपचार होय. 80 किलो वजनातून 8 ते 12 किलो कमी झाले तरी अनेकांचा दाब उतरतो. म्हैसूरपाकाच्या गावात हे सांगणे सोपे नाही. पण घरच्यांनी टोमणे मारण्याऐवजी आपलेही ताट बदलावे. अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात, म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. गर्भधारणेचा विचार असल्यास मात्र डॉक्टरांना आधी सांगावे. नजर धोक्यात आल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

दृष्टी अचानक मंदावली, किंवा डोकेदुखीसोबत ताप, मान ताठरणे वा गुंगी आली, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.