वर्तुळमार्गातील प्रकाश आणि मुरगावची उत्तर दिशा

मुरगाव तालुक्यातील दाबोळी विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेले विमान काही मिनिटे मुळीच न हलता उभे ठेवावे लागते. या वेळात त्यातील दिशादर्शक यंत्रणा खरी उत्तर दिशा शोधत असते. हे काम चुंबकसूचीचे नाही. अनेक प्रवासी विमानांत ते तीन लेसर जायरो करतात. प्रत्येक जायरोमध्ये आरशांनी तयार केलेला एक बंद मार्ग असतो आणि त्यातून दोन प्रकाशकिरण परस्परविरुद्ध दिशांनी फिरत असतात.

हा विषय वर्गात शिकवताना एक अडचण हटकून येते. प्रकाशाचा वेग कायम असतो, असे आदल्या तासाला शिकवलेले असते. आता फिरत्या कड्यात एक किरण आधी आणि दुसरा नंतर पोहोचतो, असे सांगितले की विद्यार्थी गोंधळतो. हुशार विद्यार्थी तर अधिकच गोंधळतो.

येथे तळ्याचे उदाहरण उपयोगी पडते. ३०० मीटर घेराच्या तळ्याभोवती दोन मुले एकाच ठिकाणाहून विरुद्ध दिशांनी सेकंदाला ३ मीटर वेगाने धावू लागली. त्यांना सोडणारे शिक्षक मात्र स्थिर न राहता सेकंदाला ०.१ मीटर वेगाने काठाने चालत राहिले. समोरून येणारा मुलगा त्यांना सुमारे ९७ सेकंदांत भेटेल, तर मागून येणारा सुमारे १०३ सेकंदांत. मुलांचा वेग बदललेला नाही; भेटीची जागा सरकली आहे. फिरत्या कड्यात नेमके हेच घडते. सापेक्षता सिद्धांतातील प्रकाशवेगाचे गृहीतक जडत्वीय संदर्भचौकटीसाठी आहे आणि फिरते कडे ही तशी चौकट नव्हे.

फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज सान्याक यांनी हा परिणाम १९१३ मध्ये फिरत्या टेबलावर दाखवला. त्यातून ईथर सिद्ध झाला, असे त्यांचे मत होते. परंतु माक्स फॉन लाउए यांनी १९११ मध्येच दाखवून दिले होते की या प्रयोगाचे उत्तर दोन्ही सिद्धांतांत सारखेच येते. प्रयोग अचूक, पण त्याचा अर्थ चुकीचा, असे हे एक बोलके उदाहरण आहे.

दोन किरणांच्या वेळेतील फरक काढण्यासाठी कड्याचे क्षेत्रफळ आणि कोनीय वेग यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागावे. पृथ्वी तासाला सुमारे १५ अंश फिरते. मुरगावचा अक्षांश सुमारे १५.४ अंश असल्याने तेथे जमिनीवर आडव्या ठेवलेल्या कड्याच्या वाट्याला यातील तासाला सुमारे ४ अंशच येतात. एक चौरस मीटरच्या कड्यासाठी वेळेचा फरक इतका अल्प असतो की सेकंदात लिहिताना दशांशचिन्हानंतर एकवीस शून्ये द्यावी लागतात. म्हणूनच मायकेलसन आणि गेल यांना १९२५ मध्ये शिकागोजवळ हवा काढलेल्या नळांचा ६१२ बाय ३३९ मीटरचा आयत उभारावा लागला. व्यतिकरण पट्टे ०.२३६ पट्ट्याइतके सरकावेत असे गणित होते; प्रत्यक्षात ते ०.२३० इतके सरकले. तोच आयत मुरगावला मांडला असता तर सरकणे सुमारे ०.०९४ इतकेच भरले असते.

मग विमानात मावेल एवढ्या पेटीत हे कसे साधते? १९६३ मध्ये मासेक आणि डेव्हिस यांनी कड्यातच लेसर निर्माण केला. अशा कड्यात वेळेऐवजी वारंवारतेचा फरक मोजता येतो. तंबोऱ्याच्या जवळजवळ जुळलेल्या दोन तारांतून जसे विस्पंद ऐकू येतात, तसेच विस्पंद दोन किरणांतून मिळतात. १० सेंटिमीटर बाजूचा हेलियम-निऑन लेसरचा त्रिकोण मुरगावला आडवा ठेवला, तर सेकंदाला साधारण पावणेदोन विस्पंद यावेत. प्रत्यक्षात मात्र इतक्या मंद गतीला आरशांवरून विखुरलेल्या प्रकाशामुळे दोन्ही किरण एकमेकांत अडकतात आणि विस्पंद थांबतात. त्यावरचा उपाय काहीसा गावठी वाटावा असा आहे: संपूर्ण कडे सतत थरथरते ठेवायचे! १९७६ पासून विकसित झालेल्या दुसऱ्या प्रकारात लेसर-कड्याऐवजी प्रकाशतंतूचे अनेक वेढे वापरतात. जितके वेढे, तितक्या पटीने परिणाम वाढतो.

विमानातील तीन कडी परस्परांना लंब असतात. दाबोळीला अक्ष उत्तरेकडे असलेल्या कड्याला तासाला सुमारे १४.५ अंश, उभ्या अक्षाच्या कड्याला ४ अंश आणि अक्ष नेमका पूर्वेकडे असलेल्या कड्याला शून्य परिवलन जाणवते. यावरून उत्तर दिशा कळते आणि ४ व १४.५ यांच्या गुणोत्तरावरून अक्षांशही कळतो. रेखांश मात्र असा काढता येत नाही, कारण एकाच अक्षांशावर पृथ्वीचे फिरणे सर्वत्र सारखेच जाणवते. त्यामुळे आपण दाबोळीला उभे आहोत, हे यंत्रणेला बाहेरून सांगावेच लागते.