बातमी नसलेल्या दिवसाचे छायाचित्र

१९५० च्या सुमारास खानदेशातल्या एरंडोलच्या बहुतेक माणसांनी मुंबईची ट्राम पाहिली ती वर्तमानपत्रात. मुंबईच्या दैनिकांची डाक आवृत्ती रेल्वेने निघायची. एरंडोलला जवळचे स्टेशन म्हसावद, नऊ मैलांवर. तिथून अंक गावात येऊन वाचनालयाच्या टेबलावर पडेपर्यंत त्यातल्या बातम्या जुन्या झालेल्या असत. छायाचित्रांचे तसे नव्हते. परळला तुंबलेल्या पाण्यातून पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून चाललेली माणसे, रेशनच्या दुकानापुढची रांग, गिरणीच्या दारातून सुटलेली पाळी, चौपाटीवरची संध्याकाळ ही दृश्ये दोन दिवसांनी पाहिली तरी तेवढीच ताजी होती.

मुंबईचा रोजचा दिवस असा कागदावर चढून एरंडोलला येत होता. उलट दिशेने मात्र फारसे काही गेले नाही. एरंडोलचा आठवडे बाजार, कापसाच्या गाड्यांची रांग, अंजनी नदीच्या काठावरची धुणी मुंबईच्या वाचकाने क्वचितच पाहिली असतील. असे का झाले आणि त्याबद्दल आज काय करता येईल, हे समजून घेण्यासाठी ती छायाचित्रे कोण काढत होते आणि ती छापली कशी जात होती, इथून सुरुवात करावी लागते.

एका छायाचित्राला एक रुपया

मुंबईचे रोजचे जगणे वर्तमानपत्रासाठी टिपणाऱ्यांत एक नाव फार महत्त्वाचे आहे: होमाई व्यारावाला. ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीला एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील फिरत्या नाटक कंपनीत होते. होमाई मुंबईत वाढल्या, सर जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि माणेकशा व्यारावाला यांच्याकडून कॅमेरा शिकल्या. पुढे त्यांच्याशीच लग्न झाले. १९३८ मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने त्यांनी काढलेली महिला क्लबाच्या सहलीची छायाचित्रे छापली, तेव्हा एकेका छायाचित्राचा मोबदला होता एक रुपया. सुरुवातीच्या अनेक छायाचित्रांखाली नाव लागत असे ते माणेकशांचे.

पुढे होमाई भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. १९४२ मध्ये दिल्लीला गेल्यावर त्यांनी टिपलेले स्वातंत्र्याचे सोहळे, नेहरू, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा हे सारे जगाला माहीत आहे. पण दिल्लीपूर्वीची त्यांची मुंबई पाहण्यासारखी आहे. व्हिक्टोरिया टर्मिनससमोरचा रस्ता, कलाशाळेत काम करणाऱ्या मुली, त्यांची वर्गमैत्रीण रेहाना मोगल, युद्धकाळात नवनवी कामे शिकणाऱ्या स्त्रिया. यातले बरेचसे ‘इलस्ट्रेटेड वीकली’ या साप्ताहिकातून लोकांपुढे आले. त्या काळच्या बातम्यांच्या पानांत तरुण, शिकणारी, कामाला जाणारी स्त्री जवळपास नव्हती. पुढाऱ्याची पत्नी किंवा अपघातातली जखमी म्हणून तिला बहुधा जागा मिळे. होमाईंच्या छायाचित्रांत ती आपल्या कामात गुंतलेली दिसते. शहराचे एक सत्य त्यामुळे शिल्लक राहिले.

मराठी दैनिकांतही शहराच्या रोजच्या गोष्टींना मान मिळू लागला होता. १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात डॉ. नानासाहेब परुळेकरांनी ‘सकाळ’ सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात शिकून, अमेरिकेतली वृत्तपत्रे जवळून पाहून ते परतले होते. बाजारभाव, रस्ते, पाणी, शाळा ही बातमी आहे, हे त्यांनी वाचकाला पटवले. मजकुरात गल्ली आली, की आज ना उद्या छायाचित्रातही ती येतेच.

जस्ताच्या पत्र्यावरचे ठिपके

मग ही गल्ली मुंबई-पुण्याची का राहिली? एरंडोलची का झाली नाही? त्याचे एक कारण छपाईच्या तंत्रात आहे.

छापखान्यात शाई एक तर लागते किंवा लागत नाही. अधलामधला करडा रंग शाईला देता येत नाही. त्यामुळे छायाचित्रातल्या सावल्या लहान-मोठ्या ठिपक्यांत फोडाव्या लागत. मूळ छायाचित्राचा पुन्हा फोटो घ्यायचा, तो बारीक जाळी कोरलेल्या काचेतून. मग ते ठिपके जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, आम्लाने मधला भाग खाऊ द्यायचा आणि उरलेला उठावाचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. हा झाला ‘ब्लॉक’. तो अक्षरांच्या खिळ्यांच्या (टाइपच्या) शेजारी पानात बसवला, की मजकुराबरोबर छायाचित्र छापले जाई. वर्तमानपत्राचा कागद खरखरीत, म्हणून जाळीही जाड. इंचाला साधारण ५५ ते ६५ ओळी. जुना अंक डोळ्यांजवळ धरला तर हे ठिपके आजही मोजता येतात. न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने ४ मार्च १८८० रोजी अशा ठिपक्यांच्या तंत्राने छापलेले छायाचित्र या प्रकारातले वर्तमानपत्रातले पहिले मानले जाते, आणि त्यात दिसते ती शहरातली एक झोपडवस्ती. म्हणजे साध्या वस्तीचे चित्र या तंत्राच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे.

मोठ्या दैनिकाकडे ब्लॉक करणारा स्वतंत्र विभाग असे. जिल्ह्याच्या साप्ताहिकाला ही सोय परवडणारी नव्हती. ब्लॉक बाहेरून करून आणायचा म्हणजे दिवस जात आणि पैसे जात. मग खर्च कशावर करायचा? पुढाऱ्याच्या चेहऱ्यावर, कारण तो ब्लॉक जपून ठेवला तर पुढच्या दौऱ्याला, जयंतीला, निवडणुकीला पुन्हा वापरता येई. बाजारात वांगी विकायला बसलेल्या बाईचा ब्लॉक दुसऱ्यांदा उपयोगी पडणार नव्हता. तिचे छायाचित्र हिशेबात बसले नाही, म्हणून छापले गेले नाही.

फिल्मही स्वस्त नव्हती. ती परदेशातून येई. उटीचा हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला आणि उत्पादन सुरू व्हायला १९६७ उजाडले. तोवर प्रत्येक फोटो विचार करूनच काढावा लागे. मुंबईच्या छायाचित्रकाराला एखादी फिल्म पावसात भिजणाऱ्या टांग्यावर खर्च करता येई, कारण तिचे पैसे संस्था भरत होती.

कॅमेरा आला होता, पण कशासाठी?

खानदेशात कॅमेरा आलाच नाही असे मुळीच नाही. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी स्थानिक बांबू-चटयांतून उभी केली होती. त्या दिवसांची छायाचित्रे नेत्यांसाठी काढलेली आहेत. पण नेत्यांच्या मागे पाहिले, तर बैलगाड्या आहेत, पागोटी आहेत, कडेवर पोर घेतलेल्या बाया आहेत. पूर्व खानदेशचा माणूस तिथे नकळत टिपला गेला आहे.

दुसरे उदाहरण चाळीसगावचे. केकी मूस (१९१२–१९८९) हे मोठ्या तोलाचे छायाचित्रकार आयुष्यातली कितीतरी दशके तिथल्या आपल्या घरात राहिले. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांतून डोंगर, बर्फ, संध्याकाळ उभी करणारी त्यांची टेबल-टॉप छायाचित्रे देशोदेशी गाजली. त्यांची प्रतिभा प्रकाश आणि रचना यांत रमली. बाजार, रस्ता, स्टेशन हा त्यांचा मुख्य विषय नव्हता. खानदेशात कसब होते, हे त्यांच्याकडे पाहून कळते. इथल्या रोजच्या दिवसासाठी पैसे देणारे वर्तमानपत्र तेवढे नव्हते.

कोपरे वाचायचे

ज्यांच्या घरी त्या काळची छायाचित्रे आहेत, त्यांनी ती वाचायला शिकले पाहिजे. मधला चेहरा आपण पाहतोच. माहिती कोपऱ्यांत असते.

दुकानाच्या पाटीवर भाव ‘आण्यां’त असेल तर छायाचित्र बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचे किंवा त्या सुमाराचे, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ लिहिले असेल तर १९५७ ते १९६४ हा काळ. १९६४ मध्ये ‘नये’ गळून नुसते ‘पैसे’ राहिले. शेर-मण दिसले तर बहुधा १९६२ च्या आधीचा काळ. किलो १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आला आणि १९६२ मध्ये सक्तीचा झाला. मुंबईच्या रस्त्यावर ट्राम असेल तर तारीख ३१ मार्च १९६४ च्या पुढची असू शकत नाही. त्या रात्री शेवटची ट्राम धावली. कचेरीच्या पाटीवर ‘पूर्व खानदेश’ असेल तर पाटी १९६० च्या आधीची, कारण त्यानंतर जिल्ह्याला जळगाव हे नाव मिळाले. मागे एसटी उभी असेल तर साल १९४८ किंवा त्यानंतरचे. भिंतीवर सिनेमाचे पोस्टर असेल तर काम आणखी सोपे. पाटी जुनीच राहून फोटो नवा असू शकतो, म्हणून एका खुणेवर विसंबू नये. दोन-तीन खुणा जुळल्या की साल पक्के होते.

तारखेपलीकडेही बरेच हाती लागते. बायकांत नऊवारी किती, सहावारी किती. पायात वहाण आहे की पाय अनवाणी आहेत. शाळेच्या गटफोटोत मुली कुठे बसल्या आहेत आणि किती आहेत. रस्त्यावर विजेचा खांब आहे का. नळाची तोटी आहे की आड. कोण दारात उभे आहे आणि कोण दाराबाहेर. सरकारी कागदात यातल्या कशाचीही नोंद इतकी सरळ सापडत नाही.

थोडी सावधगिरीही हवी. मोठा कॅमेरा, मोजकी फिल्म, एकदा जळला की फेकायचा फ्लॅशबल्ब. त्यामुळे वृत्तछायाचित्रकार पुष्कळदा माणसांना ‘जरा थांबा’ म्हणत. सहज वाटणारे दृश्य मांडलेलेही असू शकते. खालच्या ओळी कचेरीत बसून लिहिल्या जात. छायाचित्र पुरावा आहे, पण इतर पुराव्यांसारखा तोही तपासूनच घ्यायचा.

कागदाच्या गावाने

एरंडोलला या बाबतीत एक वेगळा अधिकार आहे. हे गाव एके काळी देशी, जाडसर हातकागदासाठी प्रसिद्ध होते, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गॅझेटियरमध्येही तो धंदा थोडाफार तग धरून असल्याची नोंद आहे. चिंध्या, तागाच्या जुन्या गोण्या, दोर कुटून होणारा देशी कागद धाग्याचा असतो. नीट ठेवला तर शतके टिकतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातला लिग्निन उजेड आणि हवेने पिवळा पडतो, कागद ठिसूळ होतो, घडीवर तुटतो. देशातला पहिला वृत्तपत्र-कागदाचा कारखाना खानदेशच्या शेजारीच, बऱ्हाणपूरजवळ नेपानगरला उभा राहिला आणि १९५५ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. ज्या कागदावर शहरांचा रोजचा दिवस छापला गेला, तो मुळातच अल्पायुषी होता. त्या काळचे अंक आज हातात घेतले तरी चुरतात.

म्हणून मूळ छायाचित्रे आणि निगेटिव्ह मोलाची. होमाईंनी १९७० च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवला. पुढे त्यांचा संग्रह अल्काझी फाउंडेशनकडे गेला, अभ्यासकांनी त्यांना बोलते केले, कोणत्या छायाचित्रात कोण आहे हे त्यांच्याकडूनच समजून घेतले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी त्या गेल्या. त्यांच्या हयातीत हे विचारले गेले, म्हणून त्या छायाचित्रांना आज नावे आणि तारखा आहेत.

एरंडोलचा त्या काळचा दिवस वर्तमानपत्रांत नसला तरी नाहीसा झालेला नाही. तो घरांत आहे. शाळेचे गटफोटो, आखाड्यातल्या पोरांचे फोटो, नगरपालिकेच्या समारंभांचे फोटो, जवळच्या पद्मालय देवस्थानाच्या यात्रेला काढलेले फोटो, लग्नाच्या वरातीमागे दिसणारी पेठ, स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ बसलेले आजी-आजोबा. ही छायाचित्रे पेट्यांत आणि फ्रेममागे आहेत, बहुतेकांवर नाव-साल काहीही नाही. त्यातल्या चेहऱ्यांना नावाने ओळखणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.

काम अवघड नाही. फोटोच्या मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने नाव, जागा आणि अंदाजे साल लिहावे. बॉलपेनची शाई आरपार उमटते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नयेत, अल्बमसकट त्यांची नक्कल घ्यावी. मोबाइलने दिवसाच्या उजेडात, सावली न पाडता, पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू टिपाव्यात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून, तो अहिराणीत सांगेल ते त्याच्याच शब्दांत नोंदवावे आणि सांगणाऱ्याचे नावही लिहावे. मूळ फोटो घरातच राहू द्यावा. नक्कल वाचनालयात, शाळेत, नगरपालिकेत जमा करावी.

खानदेशाला हे नवे नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघरच्या दप्तरांतून, माळ्यांवरून, पेट्यांतून कागद गोळा केले आणि त्यातून महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने उभी राहिली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात ते गेल्यावर त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात उभे राहिले आणि ते कागद जपले गेले. सनदा आणि पत्रांसाठी जे झाले, ते छायाचित्रांसाठीही याच भूमीत होऊ शकते. एखाद्या माध्यमिक शाळेने एका वर्गाला हा प्रकल्प म्हणून दिला, तरी वर्षभरात गावाचा एक मोठा संग्रह तयार होईल. त्यासाठी मुंबईहून कोणी छायाचित्रकार येण्याची वाट पाहायची गरज उरलेली नाही. फोटो घरात आहेत, ओळखणारी माणसेही अजून आहेत. त्यांना विचारायला उशीर करू नये.